खिडकीतला पिवळा ठिपका

शेकोटीत आणखी एक ओंडका सरकवा रे, आणि ते फोन खिशात घाला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण एनिड पास्को थापा मारणारी बाई नव्हती. तिच्या चित्रांना चौकटी मीच करायचो, बावीस वर्षं. तळहाताएवढी चित्रं. मेंढ्यांची कुंपणं, पवनचक्क्या, ओस पडलेली दगडी घरं. जुनी व्हॅन हाच तिचा संसार. रस्ता नेईल तिकडे जायची, संध्याकाळ होईल तिथं मुक्काम करायची.

दोन हजार एकोणीस सालची गोष्ट. जूनची चौदा तारीख, शुक्रवार. एनिड सतरा दिवस रस्त्यावर होती. वय एकाहत्तर, गुडघे गेलेले, आणि आता हे पुरे, ही फेरी शेवटची, असं ती दर फेरीला म्हणायची. त्या दिवशी मात्र मनापासून म्हणत होती. एकच काम उरलं होतं. ओरोरू गावाच्या उत्तरेला कीथ नोस्के नावाचा मेंढपाळ होता, चौऱ्याऐंशी वर्षांचा. जमीन विकली गेली होती. दुसऱ्या दिवशी तो गावातल्या वृद्धाश्रमात जायचा होता. ज्या घरात जन्मला त्याचं चित्र त्याला सोबत हवं होतं.

घर कसलं, चार भिंती आणि धुराडं. छप्पर कधीच उडालेलं. समोर एक खिडकी, दाराच्या जागी नुसतं भगदाड.

"तिथं मला एक पलंग नि एक कपाट मिळणार," कीथ म्हणाला. "खिडकीतून काय दिसतं, तर मोटारी लावायची जागा. म्हणून हे घर नेतोय. खिशात मावेल एवढं काढ."

"एवढंच काढते मी, म्हाताऱ्या. मोठं काढायला गुडघे कुठून आणू?"

"आणि एक. खिडकीत दिवा नको."

एनिड ओशाळली. तिची ती खोडच होती. पडक्या घराच्या खिडकीत पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायची, की घर जागं व्हायचं. लोकांना तेच आवडायचं. तिला स्वतःला त्याचा वीट आला होता.

"का रे? अंधारी खिडकी म्हणजे दात पडलेलं तोंड."

"असू दे. मलाही दात नाहीत." कीथ हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. गाडीला टेकून तो हळूहळू बोलू लागला. "एकोणपन्नास साली बाप मेंढ्या वळवायला गेला नि धुळीचं वादळ उठलं. घोडं घरी आलं. तो आला नाही. तेव्हापासून आई रोज त्या खिडकीत कंदील ठेवायची. चार वर्षं. मला तो उजेड बघवेना गं. अठरा वर्षांचा होतो. एका रात्री ती झोपली नि मी उठून फुंकर मारली."

"मग?"

"सकाळी अंगणात पावलं. त्या तिथं लाकडं रचलेली असायची, तिथपर्यंत आलेली. आणि तिथूनच मागं वळलेली."

एनिडनं वळून त्या जागेकडे पाहिलं.

"मी माग काढत गेलो नाही. भ्यालो. पायानं पुसून टाकली ती पावलं. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, येईल. मी ऐकत राहिलो. सहासष्ट वर्षं झाली, एनिड, धड झोप नाही मला. आता उशाशी पुन्हा तो दिवा नको."

नाही काढत दिवा, असा तिनं शब्द दिला. सकाळी येतो म्हणून तो गेला.

एनिड कामाला बसली. जूनमधलं, ऐन हिवाळ्यातलं ऊन ते, डोळ्यादेखत सरतं. हात भरभर चालत होता. भिंत झाली, धुराडं झालं, मागची डोंगराची रांग झाली. डोकं दमलेलं असलं की हात आपल्या सवयीनं जातो, त्याला कोण आवरणार? सहा वाजता अंधारलं. तिनं विजेरी लावून चित्र पाहिलं.

खिडकीत पिवळा ठिपका होता.

"मेलं माझं लक्षण," ती पुटपुटली. जित्याची खोड, दुसरं काय. सुरी शोधायला ती पेटीत वाकली, आणि तेवढ्यात तिला पावलं ऐकू आली.

उत्तरेकडून. कोरड्या नाल्याच्या बाजूनं.

आधी तिला वाटलं, चुकार मेंढी असेल. पण मेंढी चार पायांवर चालते. ही दोन होती. जड. खडीवर फरफटत येणारी. दोन पावलं, मग थांबणं. पुन्हा दोन पावलं.

"कीथ?"

पावलं तशीच येत राहिली.

तिनं विजेरी विझवली. का, ते तिलाही सांगता आलं नाही. चांदणं होतं. नाल्याकडे कुणीच दिसत नव्हतं. पण घरासमोरच्या जमिनीवर उजेडाचा एक चौकोन पडला होता. पिवळा. खिडकीएवढा.

भिंतीमागे तर कुणी नव्हतं… छप्परसुद्धा नव्हतं…

एनिडची पाचावर धारण बसली. तिनं चाचपडत सुरी काढली. तो ठिपका खरवडून टाकला.

जमिनीवरचा चौकोन गेला.

पावलं थांबली.

अगदी जवळ. लाकडं रचलेली असायची, तिथं.

किती वेळ गेला कोण जाणे. वारा नाही. पाखरू नाही. मग कुणीतरी श्वास सोडला. रागाचा नव्हता तो, सुस्काराही नव्हता. लांबून चालत आलेला माणूस, अजून चालायचंय असं कळल्यावर सोडतो, तसा…

आणि पावलं मागं वळली.

एक. दुसरं. नाल्याकडे.

एनिड मला म्हणाली, भीती होतीच, पण त्या चालण्यानं मला रडू आलं. तो थकवा तिच्या ओळखीचा होता. तिनं आयुष्यभर मुक्काम केले, पण तिच्यासाठी कुठं दिवा ठेवलेला नव्हता. कीथला दिलेला शब्द तिला आठवत होता. मोडला तर म्हातारा तोंड बघणार नाही, हेही कळत होतं. तरी तिनं बोट पिवळ्या रंगात बुडवलं. अंधारातच ते बोट खिडकीवर टेकवलं.

चौकोन पडला.

पावलं थांबली… वळली…

आता ती सरळ आली. तिच्या अंगावरून, हातभर अंतरावरून. धुळीचा वास. ओल्या लोकरीचा वास. तिनं डोळे घट्ट मिटले. पावलं पुढे गेली. भगदाडापाशी थबकली. काहीतरी खाली पडलं. थोड्या वेळानं, तसंच आणखी एकदा.

मग काहीच नाही.

ती व्हॅनमध्ये शिरली, आतून कडी लावली आणि बसून राहिली. चौकोन कधी विझला ते तिला कळलं नाही. पहाटे तिचा डोळा लागला होता.

सकाळी कीथच्या गाडीच्या आवाजानं जाग आली. बाहेर कडाक्याचं हिव पडलं होतं. गवत, दगड, व्हॅनची काच, सगळं पांढरं. कीथनं बरोबर चहाचा थर्मास आणला होता. एनिडनं चित्र त्याच्या हातात दिलं.

त्यानं पाहिलं. तोंड आवळलं.

"एकच गोष्ट सांगितली होती तुला."

"हो."

"एकच!"

"कीथ, रागाव हवा तितका. मी एकदा पुसलं होतं रे. पण पुसलेलं मला…"

कीथचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. तो तिच्या खांद्यावरून घराकडे बघत होता. मग काठी टेकत तो निघाला. एनिड त्याच्या मागोमाग गेली.

भगदाडाच्या बाहेर, भिंतीला टाचा लावून, बुटांची जोडी ठेवलेली होती. जुन्या घडणीचे, कातडी, पुरुषी बूट. नाड्या सोडलेल्या. खालची जमीन पांढरी होती, आजूबाजूचे दगड पांढरे होते. बुटांवर मात्र हिवाचा कण नव्हता.

"आई बूट घालून आत येऊ द्यायची नाही," कीथ म्हणाला. "कितीही दमून आला तरी नाही."

तो मोठ्या कष्टानं गुडघ्यावर बसला. एका बुटात हात घातला. मग एनिडला म्हणाला, "तू पण बघ."

तिनं दुसऱ्यात हात घातला.

आत अजून ऊब होती.