कवडूचं ऊन

तृप्तीला तुषार पहिल्यांदा दिसला तेव्हा ती जिन्याच्या कठड्यावर चढून बसली होती. हातात खराटा, पायात एकच चप्पल. प्रेमात पडायची ही काही रीत नव्हे! पण घडलं ते घडलं, त्याला कोण काय करणार?

झालं होतं असं. सौंसरच्या त्यांच्या घरातली वरची खोली पंकज नावाच्या एका पोराला भाड्यानं दिली होती. बोरगावच्या कंपनीत होता तो. गणपतीत गावाला म्हणून जो गेला तो गेलाच, फोनही बंद. पंधरा-वीस दिवसांनी खोलीतून वास यायला लागला, तेव्हा आईनं कुलूप तोडायला लावलं. आत माशांच्या काचेच्या पेटीत, सडलेल्या पालकावर, हातभर लांबीचं एक मातकट जनावर पडलं होतं.

“घोरपड वं माय!” आई किंचाळली, आणि तृप्तीनं कठडा गाठला.

नेमकी शेजारच्या मधुकरकाकांची म्हैस त्या दिवशी अडलेली. तिच्यासाठी गुरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी आली होती. काकांनी तिथल्या डॉक्टरला हाताला धरूनच वर आणलं. बाहेर परतीचा पाऊस धो धो पडत होता. डॉक्टरचा शर्ट अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी गळत होतं… आणि तशातही तो तिच्याकडे पाहून हसला.

“उतरा खाली, मॅडम. घोरपड नाही हे. इग्वाना आहे, बाहेरदेशातलं. पाला खाते, माणसं नाही खात.”

“तुम्हाले त्यानं सांगतलं का तसं?”

“सांगतलं असतं—” तो पेटीपाशी वाकला. त्यानं एका बोटानं जनावराचा जबडा हलकेच दाबला. जबडा रबरासारखा आत गेला. तुषारच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम पुसलं गेलं. “सांगायले जबडाच राह्यला नाही बिचाऱ्याचा. ऊनच नाही दिलं कोणी. हाडं पार नरम झाले. मागचे पाय पाहा.”

“पेटी खिडकीपाशीच तर आहे.”

“काचेतून उजेड येते. हाडाले लागते ते ऊन नाही येत.”

ते वाक्य तो इतक्या कडवटपणे बोलला की तृप्ती मुकाट्यानं खाली उतरली.

वनखात्याला फोन झाला. परदेशी जनावर, मालकाचा पत्ता नाही. जरा चालतं-फिरतं झालं की भोपाळकडच्या एका केंद्रात पाठवू, तोवर तुम्हीच सांभाळा, असं ठरलं. पण सांभाळणार कोण? तुषार दिवसभर खेड्यापाड्यांत फिरणार, आणि पांढुर्ण्यातल्या त्याच्या घरमालकाला मांजरसुद्धा खपत नव्हती.

“तुमच्याकडे गच्ची आहे,” तो म्हणाला. “दारात शेवगा आहे. त्याच्या पाल्यानं हाडं भरतात. आणि…”

“आणि?”

“आणि तुम्ही आहा.”

झालं! पोरगी गेली कामातून.

आईनं सात दिवस तोंड वाकडं ठेवलं. आठव्या दिवशी जनावरानं पहिल्यांदा स्वतःहून पाला चावला, तेव्हा तीच दारातून म्हणाली, “कवडू म्हना त्याले. ज्याईचे लेकरं जगत नसत, ते कवडू नाव ठेवत. कवडीमोलाचं म्हनून यमही पाहत नाही मंग.” आणि परत तोंड वाकडं करून निघून गेली. कवडू जगला.

दर रविवारी सकाळी पांढुर्ण्याहून तुषारची मोटारसायकल यायची. तृप्ती शनिवारीच केस धुऊन ठेवायची, हे आईला कळत होतं आणि तुषारला कळत नव्हतं. निदान तो तसं दाखवत होता. रोज सकाळी दोन तास कवडू गच्चीवर उन्हात, मग कोमट पाण्यात आंघोळ, मग शेवग्याचा पाला, त्यावर औषधाची पांढरी पूड.

“पूड नीट लावून राहिली ना?”

“पोळीले तूप लावत नाही एवढी लावून राहिली.”

“म्हणूनच अशी वाळली का?”

“डॉक्टर, कवडूचं पाहा. माझं नका पाहू.”

“बरं,” तो म्हणायचा, आणि दोघांचंही पाहायचा.

दिवाळीपर्यंत तो ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आला होता. कवडूला आंघोळ घालताना बोटांना बोटं लागायची, आणि मग दोघंही उगाच पाण्याचा कोमटपणा पुन्हा तपासायची. कवडूची कातडी हिरवी व्हायला लागली. पोट जमिनीवरून उचलून तो दोन पावलं टाकायला लागला.

“लोक दुष्ट नसतात गं,” एकदा तुषार म्हणाला. “कंटाळतात फक्त. हौस फिटली की झालं. कितीक पाह्यले मी असे. माफच नाही करू शकत.”

“सगळे नाही कंटाळत.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. गच्चीवर आंब्याची एक जाड फांदी कुंडीत रोवली होती, तिच्याकडे बोट करून तो म्हणाला, “ज्या दिवशी कवडू आपल्या पायानं या फांदीवर चढन, त्या दिवशी…”

“त्या दिवशी काय?”

तो गडबडला. कान लाल झाले. “त्या दिवशी… संपलं न माझं काम. भोपाळले पाठवू.”

त्याचे लाल कान तृप्तीला दिसले, पण ऐकू आलं ते फक्त ‘संपलं’. आणि त्याच आठवड्यात मोहगावहून स्थळ सांगून आलं. आईनं पत्रिका देवापुढे ठेवली. तुषारनं तर अजून एका शब्दानं काही म्हटलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळच्या कोवळ्या उन्हात, कवडू फांदीवर चढला. एक पाय, दुसरा पाय… शेपटी हलवत, थांबत थांबत थेट टोकापर्यंत. तृप्तीचे डोळे भरून आले. तिनं फोन काढला, तुषारचं नाव समोर आणलं, आणि हात थांबला. सांगितलं, की संपलं. रविवार संपला.

तिनं फोन ठेवून दिला. कवडूला उचललं, खाली आणलं, आणि काचेच्या पेटीत ठेवून पेटी खिडकीपाशी सरकवली.

तिची बाजू घ्यायचा मोह मलाही होतो. पण ती अजाण नव्हती. काचेतून ऊन येत नाही, हे तिला सौंसरमधल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. थोडेच दिवस, असं ती रोज मनाशी म्हणायची. आईनं विचारलं तर थंडीचं निमित्त सांगायची. मावठ्याची झड आली, थंडी वाढली, कवडूचं खाणं कमी झालं. तुषारनं नोंदींसाठी दिलेल्या वहीत मात्र ‘ऊन – दोन तास’ रोज लिहिलं जात होतं, सुंदर अक्षरात.

रविवारी तुषारनं वजन केलं आणि कपाळाला हात लावला. “घटलं. असं कसं? ऊन देऊन राहिली न?”

“हाव न… रोज.”

त्यानं वही पाहिली. तिच्यावर शंका घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. औषध बदललं. नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरला जाऊन भेटला. आता तो रविवारसोबत बुधवारीही यायला लागला, मग शुक्रवारीही. तिच्याशेजारी बसून कवडूला एकेक पान भरवायचा. त्याच्या बाहीचा वास तिच्या ओढणीला लागायचा. एवढं सुख तृप्तीला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, आणि एवढी लाजही वाटली नव्हती. रोज सकाळी ती ठरवायची, आज नेऊ गच्चीवर. रोज वाटायचं, अजून एक बुधवार.

मग एका दुपारी कवडू पेटीची काच चढायला गेला आणि घसरून पडला. वीतभर उंचीवरून! पुढचा डावा पाय मोडला.

तुषार काम टाकून आला. मोडक्या पायाला आइस्क्रीमच्या काडीची खपच्ची बांधताना त्याची गाठ दोनदा सुटली. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस तो! पट्टी बांधून झाली, तरी तो जमिनीवरच बसून राहिला.

“माझंच चुकलं कुठंतरी,” तो म्हणाला. “किती डोकं लावलं, सापडूनच नाही राहिलं. असं वाटते सोडून द्यावं हे काम. आणि… तुले सांगू का एक? हसू नको. मी मनाशी बोललो होतो, कवडू ज्या दिवशी फांदीवर चढन, त्याच दिवशी तुझ्या आईपाशी येऊन तुले मागीन. एक जनावर बरं करून दाखवतो, मग मागतो, असं. वेडेपणाच न? पण आता कोणत्या तोंडानं मागू?”

तृप्ती ऐकत होती. जे ऐकायला चार महिने झुरली, ते समोर बसून तो बोलत होता. नुसतं ‘तरी मागा’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो आयुष्यभर स्वतःला दोष देत राहिला असता, आणि तिच्यावर जीव टाकत राहिला असता. तिनं ओठ उघडले, तेच म्हणायला. पण त्याचं खाली गेलेलं तोंड तिला पाहवलं नाही.

“तुमचं नाही चुकलं,” ती म्हणाली. “कवडू चढला होता फांदीवर. जानेवारीतच.”

“काय?”

“चढला होता. मी नाही सांगतलं. नंतर ऊनच नाही दिलं त्याले. वहीत खोटं लिहिलं.”

त्यानं वही ओढून घेतली, पानं उलटली. मग विचारलं, “किती दिवस?”

“एकवीस.”

“काहून?”

“तो बरा झाला असता तर तुम्ही आले नसते न…” ती म्हणाली. “मले तुम्ही पाहिजे होते.”

“मी तर येणारच होतो, तृप्ती.”

तो चिडला असता, ओरडला असता, तर तिनं पाय धरले असते. तो चिडला नाही. त्यानं टोपलीत जुनं धोतर अंथरलं, कवडूला अलगद त्यात ठेवलं. घरमालकाशी काय भांडायचं ते भांडेन, इतकंच म्हणाला. दारापाशी मात्र थांबला.

“पंकज विसरला होता त्याले,” तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. “तुले रोज आठवण होती.”

मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या वळणावर विरला. तृप्ती उंबऱ्यातच बसली, आणि मग तिला असं रडू कोसळलं की आई कणकेच्या हातांनी धावत आली.

“काय झालं वं? काय बोलला तो तुले? डॉक्टर असंन आपल्या घरचा! येऊ दे रविवारी, पाह्यतेच मी त्याच्याकडे. माझ्या सोन्यासारख्या पोरीले रडवते म्हंजे काय! काय केलं त्यानं?”

“त्यानं काही नाही केलं, आई,” तृप्ती म्हणाली. “मीच केलं.”