गावाला दिसणारा माणूस

राहण्यासाठी एखादं छान लहान गाव सुचवा, असं तुम्ही सहज विचारलंत. सुचवते. पण आधी हे ऐकून घ्या, मग घर बघायला निघायचं की नाही ते ठरवा.

माझा नवरा रस्त्यांची मोजणी करायचा. महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. परत आला की जेवताना त्या त्या गावाबद्दल सांगत बसायचा. एका गावातला पूल इतका अरुंद, की समोरून सायकल आली तर आपण मागे सरायचं. एका गावात दुपारी दुकानं उघडी टाकून लोक झोपायला जातात. "नोकरी संपली की अशाच एखाद्या गावात जाऊन पडू," म्हणायचा. नोकरी संपायच्या आधी तोच संपला. झोपेत. शेजारच्या खोलीत सासूबाई जाग्या होत्या, त्यांनाही काही ऐकू आलं नाही.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात, मी घरी बसून मेणात दात लावते. हे काम कुठेही करता येतं. सासूबाईंच्या तोंडातली कवळीही माझ्याच हातची, त्यामुळे त्या मला जे काही बोलतात ते निमूट ऐकून घ्यावं लागतं. तो गेल्यावर आम्ही दोघी त्या फ्लॅटमध्ये एकमेकींची नजर चुकवत राहिलो. मग एके सकाळी त्याच म्हणाल्या, "चल, त्याचं ते लहान गाव शोधू."

शोधता शोधता आम्ही ज्या गावात आलो, ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. आम्हालाही कुणीतरी असंच सुचवलं होतं.

थंडीतली दुपार होती. बस गेली आणि आवाज असा थांबला, की कानात बोळे घातल्यासारखं वाटलं. उतरता रस्ता, कडेने संथ कालवा, बसकी घरं. ओल्या लाकडाचा आणि ताज्या पावाचा वास. बेकरीवालीने आमच्यासाठी चहा आणला आणि टेबलाशी तीन खुर्च्या ओढल्या.

"दोघीच आहोत," मी म्हटलं.

तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "बरं," म्हणाली. पण खुर्ची तशीच राहू दिली.

घर भाड्याने देणारे सुतारकाका म्हातारे, कमी बोलणारे. कुलूप काढून त्यांनी आम्हाला आत घेतलं. आम्ही दोघी आत येऊन उभ्या राहिलो तरी ते दार धरूनच होते. मग रिकाम्या उंबऱ्याकडे पाहत हळूच म्हणाले, "जपून... चौकट खाली आहे."

आम्ही दोघी ठेंगण्या. घरोघरी चौकटीला डोकं आपटायचा तो माझा नवरा.

"कुणाला सांगितलंत?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्याबरोबर आलेत त्यांना." मग आमचे चेहरे पाहून ते ओशाळले. "माफ करा हं, आजी. तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं. आमच्या गावात... दिसतं. आम्ही कुणी काही विचारत नाही. जागा देतो, एवढंच."

सासूबाई तिथेच जमिनीवर बसल्या. "कसा दिसतोय?"

"दमलेले. हातात मोजायची टेप आहे."

मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. कालव्याकाठी आमची जुंपली. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत जायचं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

"तू जा. मी राहते. तिकडे त्याचं नाव काढलं की लोक विषय बदलतात. तूसुद्धा. इथे कुणीतरी माझ्या पोरासाठी दार धरून उभं राहिलं गं."

आम्ही राहिलो.

आणि खरं सांगते, इतकी सुखाची जागा मी दुसरी पाहिलेली नाही. पुढच्या खोलीत दिवसभर सारखा उजेड येतो, माझ्या कामाला लागतो तसा. लोक अघळपघळ नाहीत, पण आजारी पडलात तर दारात डबा येतो. भीतीचं म्हणाल, तर तिचीही सवय होते. बेकरीवाली सांगायची, आज बरे दिसले. पोस्टमन सांगायचा, सकाळी तुमच्याबरोबर पुलापर्यंत आले होते. मला काहीच दिसायचं नाही. सासूबाईंनाही नाही. कधी कधी मत्सर वाटायचा. माझा नवरा, आणि अख्ख्या गावाला दिसतो, मलाच तेवढा नाही! तरी चालताना मी कडेने चालायला लागले, शेजारी एका माणसाची जागा सोडून. आपल्या माणसाची आठवण एकटीने वाहायची नसली की ती किती हलकी होते, हे मला इथेच कळलं.

हे मागच्या आठवड्यापर्यंतचं.

खिडकीची झडप लागत नव्हती म्हणून मी सुतारकाकांना बोलावलं होतं. संध्याकाळ व्हायची होती, बारीक भुरभुर चालू होती. ते छत्री घेऊन आले आणि फाटकाबाहेरच थांबले. मी हाक मारली तरी आत येईनात. शेवटी मीच अंगणातून फाटकापाशी गेले.

"ताई, साहेब हल्ली आत का येत नाहीत?"

"मला कुठे दिसतंय, काका?"

"चार दिवस बघतोय. इथेच उभे असतात. भिजत. घराकडे बघतात आणि मान हलवतात... नको, नको, अशी." त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "घरात कुणी राहायला आलंय का?"

"कोण येणार? आई आणि मी."

ते माझ्यामागे खिडकीकडे पाहत होते. मग त्यांनी मान खाली घातली.

"आईंना बाहेर घेऊन या, ताई. आवाज न करता."

मी वळले. ओल्या अंगणातून पावलं न वाजवता दारापर्यंत गेले. आत दिवा लावलेला नव्हता. ताज्या पावाचा वास नेहमी घरात यायचा, तो नव्हता. बंद विहिरीचं झाकण काढल्यावर येतो तसा गार, शिळा वास होता. सासूबाई खिडकीजवळच्या बाकावर बसल्या होत्या, एका टोकाला सरकून. चेहरा हसरा. कान दुसऱ्या टोकाकडे, मधेच हळू आवाजात काही बोलत.

"आई... कुणाशी बोलताय?"

"श्श... त्याच्याशीच की." त्यांनी रिकाम्या जागेवर हात ठेवला. "चार दिवस झाले, बोलायला लागलाय माझ्याशी. तुला सांगणारच होते."

"आई, उठा. आपण जरा बाहेर जाऊ."

"पाऊस पडतोय बाहेर."

मी खिडकीतून पाहिलं. फाटकाबाहेर सुतारकाका डोक्यावर पाऊस घेत उभे होते. छत्री त्यांनी हात ताणून शेजारी धरली होती, उंच, एका उंच माणसाच्या डोक्यावर धरावी तशी.

मी सासूबाईंचं मनगट पकडलं. बर्फासारखं गार होतं. त्या उठल्या नाहीत. कौतुकाने माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस? तुझं नाव घेतलं त्याने."

लग्नापासून शेवटच्या रात्रीपर्यंत माझ्या नवऱ्याने मला "अगं" शिवाय दुसरी हाक मारलेली नाही.