भिमाबाईच्या विहिरीचे नमुने

एकोणऐंशीच्या जुलैत मी निगडीच्या पुढे यशवंतरावांच्या चिबडावर पाण्याचे नमुने घ्यायला गेलो. चिबड म्हणजे बारमाही पाणी धरून बसणारी जमीन. आठ एकर लव्हाळं, बेडूक आणि डास. यशवंतरावांना ते लोखंडाच्या ओतशाळेतल्या टाकाऊ काळ्या वाळूने बुजवून वर शेड उभ्या करायच्या होत्या. स्वतःच्या जमिनीवर भराव टाकायला परवानगी लागते, याचा त्या माणसाला असा राग आला होता की जणू कुणी त्याला जेवायच्या आधीही परवानगी घ्यायला सांगितलंय.

परवानगीला अट एकच. सहा महिने, दर महिन्याला, चिबडाचं आणि उतारावरच्या भिमाबाईच्या विहिरीचं पाणी तपासायचं. विहीर बिघडली की काम बंद. त्या विहिरीचं पाणी आठ घरं पीत होती. तपासणार आमची चिंचवडची खासगी प्रयोगशाळा. म्हणजे मी, श्रीपाद, रसायनशास्त्राचा पदवीधर.

गाळ बघितला, मग माझे बूट बघितले. काठावरूनच दोन बाटल्या भरल्या आणि परत आलो. पुढच्या महिन्यांचे आकडे टेबलाशी बसून भरले. त्यालाही कसब लागतं हो! मूर्ख माणूस पाण्यातला प्राणवायू दर वेळी सहा लिहितो. मी कधी सहा पूर्णांक एक लिहायचो, कधी सहा पूर्णांक चार. परवानगी देणाऱ्या खात्यातले साहेब आकडे सोडून शिक्का बघणारे, यशवंतराव तर तोही न बघणारे. सगळ्यांचीच मला कीव यायची.

नोव्हेंबरात एका दुपारी भिमाबाई प्रयोगशाळेत येऊन उभी राहिली.

"साहेब, दर म्हैन्याला पाणी नेताय, पर सांगत काईच न्हाई. नातीचे जुलाब थांबंनात. ह्ये पाणी तिला पाजू का नको, येवढंच सांगा."

"दर महिन्याला? कोण नेतं?"

"तुमीच की. काल बी आला हुता. चिबडात कमरंएवढं उतरला. मग हिरीवर आला, बाटली तीनदा इसळली, भरली... बोलला मातुर न्हाई."

बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, ही आमची रीत. ती या अडाणी म्हातारीला कुठून ठाऊक? मानेवर काटा आला. पण तिच्यासमोर गडबडायचं म्हणजे कमीपणा.

"पाजा खुशाल," मी म्हणालो. "पाणी उत्तम आहे."

इतकं सहज म्हणालो, की आज स्वतःचीच शिसारी येते.

ती गेल्यावर मी नमुन्यांचं कपाट उघडलं. आत आठ बाटल्या होत्या. ऑगस्टपासून दर महिन्याच्या दोन, चिठ्ठ्यांवर तारीख आणि जागा. अक्षर माझं. पाण्यातला प्राणवायू मोजायचा तर दोन द्रावणं काठावरच बाटलीत टाकावी लागतात. पाणी जिवंत असेल तर तळाशी साका, म्हणजे गाळ, तपकिरी बसतो, मेलेलं असेल तर पांढरा. चिबडाच्या कालच्या बाटलीत साका पांढराशुभ्र होता. विहिरीच्या बाटलीचं बूच काढलं, तर ओतशाळेचा जळका वास नाकात गेला.

मी आठही बाटल्या मोरीत ओतल्या. महिन्याच्या अहवालावर 'पिण्यास योग्य' लिहून सही केली. माझ्या नावाने फिरणारा हा तोतया कोण, ते बघायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळची बस पकडली.

चिबड जवळजवळ बुजलं होतं. एकही बेडूक ओरडत नव्हता. उरलेल्या पाण्याच्या काठाला बुटांचे ठसे होते, वर येणारे. आत जाणारा एकही नव्हता...

विहिरीवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. रहाट काढलेला. ओट्यावर भिमाबाई नातीला पेज भरवत होती. पोरगी उठून बसली होती.

"विहीर कुणी बंद केली?" मी ओरडलो. "पाणी चांगलं आहे! माझी सही आहे त्यावर!"

तिने कंदील उचलून माझ्या तोंडाशी धरला.

"सायबानी सांगितलं सकाळी. पैल्यांदाच बोलले. म्हनले, थेंब पिऊ नका, माजी चूक झाली." मग तिने कंदील माझ्या पायांकडे नेला. "तुमी त्ये न्हाई. त्ये साहेब चिखलात उतरत्यात."

"कुठे आहे तो?"

"आत्ताच गेले. म्हनले, घरी पोरगी वाट बघतीया."

मी बसची वाट न बघता घरी, निगडीच्या प्राधिकरणापर्यंत पळत आलो. आमच्या बंगलीत दिवा होता. फाटकापासून दारापर्यंत काळा ओला चिखल, आणि सगळ्या अंगणात चिबडाचा तो कुजका, गार वास. आत माझी मुलगी सुमेधा खिदळत होती. माझ्याजवळ ती कधी अशी हसलेली नाही. मी घरी आलो की ती पुस्तक उघडून बसायची.

मी दार वाजवलं.

"कोण आलंय हो, बघता का?" आतून माझी बायको शुभदा म्हणाली.

पावलं दाराशी आली. थांबली. फटीतून पलीकडचा संथ श्वास मला ऐकू येत होता...

"कोणी नाही," आतून माझाच आवाज म्हणाला, आणि कडी लागली.