गेटाजवळची ओली पट्टी

काँक्रीट कोणासाठी थांबत नाही, असं मिस्त्री नेहमी म्हणायचा. गाडीतून माल उतरायला लागला की बायको हाक मारो नाहीतर साहेब, हातातलं काम सोडायचं नाही. दुकानांच्या त्या मोठ्या इमारतीभोवतीचं पार्किंग त्याने याच हट्टाने काल एका दमात ओतून घेतलं होतं. गेटाजवळची तेवढी एक पट्टी राहिली होती, ती आज संध्याकाळी व्हायची होती.

दुपारी जेवण झाल्यावर तो हातोडी घेऊन कालच्या स्लॅबवर निघाला. काँक्रीट वाळू नये म्हणून अंथरलेली गोणपाटं ओली आहेत ना ते बघायचं, मधूनच वाकून ठोकायचं आणि कान द्यायचा. भरीव असेल तर खणखणीत वाजतं, पोकळ असेल तर बद्द. बाकीची माणसं सावलीला आडवी झाली होती. उन्हात भिजलेल्या तागाचा आंबूस वास पसरला होता. सगळीकडे खणखणीत वाजत होतं आणि मिस्त्री स्वतःवरच खूश होता.

इमारतीमागच्या कोपऱ्यात त्याने हातोडी मारली. ठक.

खालून उत्तर आलं. ठक.

कुठेतरी काम चालू असेल, म्हणून त्याने मान वर करून पाहिलं. आसपास कोणी नव्हतं. त्याने पुन्हा दोनदा ठोकलं. खालून दोनदा आलं, पण जरा उशिराने, दमलेल्या माणसासारखं.

मिस्त्रीने स्लॅबला कान लावला. या कोपऱ्याखालून पावसाच्या पाण्याचा जुना पाईप गेला होता, माणूस रांगत जाईल एवढा मोठा. त्याची दोन्ही तोंडं बंद करून वर स्लॅब टाकायचा असं ठरलं होतं. काल सकाळी आत पाणी उपसायचा पंप राहिला होता, आणि तो आणायला त्याने मेहुण्याला पाठवलं होतं. तेवढ्यात काँक्रीटची गाडी आली. मिस्त्रीने लांबूनच ओरडून उरलेलं तोंड बंद करायला सांगितलं. गवंड्यांनी भराभर विटा लावल्या आणि त्यावर काँक्रीट पडलं. आत वाकून एक हाक मारावी, एवढं काही कोणाला सुचलं नाही.

मेहुणा म्हणजे बायकोचा एकुलता एक भाऊ. साइटवर सगळे त्याला सावकाश म्हणत, कारण घास गिळायलाही तो मुहूर्त बघेल असा. काल रात्री तो घरी आला नाही तेव्हा बायको दारात उभी होती. मिस्त्री तिला म्हणाला होता, "सकाळी बोललो त्याला, रुसला असेल. पोटात कावळे ओरडले की येईल आपोआप."

आता त्याने स्लॅबला तोंड लावलं.

"सावकाश! आहेस का रे आत?"

ठक.

मिस्त्री धावत साहेबांकडे गेला. साहेब आधी वैतागले. "कालचा स्लॅब आज फोडायचा? अहो, पाईपात पाणी असलं तरी आवाज येतो."

"माझा मेहुणा आहे आत, साहेब. नुकसान माझ्या माथी मारा. पण फोडा."

त्याचं तोंड बघून साहेबांनी पुढे वाद घातला नाही. स्लॅब फोडायचं मशीन बोलावलं. ते धडधडत कोपऱ्याशी येऊन उभं राहिलं, माणसं गोळा झाली. ड्रायव्हर छिन्नी टेकवणार, तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "मिस्त्री, तो बघा कोण येतोय!"

गेटाकडून खुद्द सावकाश येत होता. अंगात धुतलेला शर्ट, केस विंचरलेले.

"काय दाजी, एवढी गर्दी? कोणाचं लग्न लागतंय?"

मिस्त्रीने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याला मिठीच मारली. एवढा मोठा माणूस, पण सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

"कुठे उलथला होतास?"

"मित्राकडे. तुम्ही बोललात ना... राग आला होता."

सगळे हसले. "मग आतून वाजत होतं ते काय?" एका गवंड्याने विचारलं. मशीनच्या धडधडीत कान देऊन उपयोग नव्हता. "सांगितलं ना, पाणी," साहेब घाम पुसत म्हणाले. मशीन परत गेलं. मिस्त्रीने बायकोला फोन लावला. "आला गं तुझा लाडका!" तिकडून नुसते हुंदके ऐकू आले. या आनंदात पंपाचं विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी गेटाजवळची पट्टी ओतली. सावकाश असा झपाझप काम करत होता, की मिस्त्री म्हणाला, "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" सपाटी झाली. मग मिस्त्रीने लांब दांड्याचा ब्रश घेतला आणि मागे मागे सरकत तो ओल्या काँक्रीटवरून ओढला. टायर घसरू नयेत म्हणून अशा बारीक रेघा पाडाव्या लागतात, आणि हे काम तो दुसऱ्या कोणाला देत नसे. माणसं लांब नळावर थापी, घमेली धुवायला गेली.

पलीकडून सावकाश पाण्याची बाटली घेऊन निघाला, तो सरळ पट्टीवरूनच.

"अरे, अरे! ओल्यात पाय घालतोस? डोळे फुटले का तुझे..."

मिस्त्रीची नजर पट्टीवर गेली. या कडेपासून त्या कडेपर्यंत ब्रशच्या रेघा जशाच्या तशा होत्या. त्याने वाकून बोट टेकवलं. बोट पेरभर आत गेलं.

"पाणी घ्या ना, दाजी."

मिस्त्रीने बाटली घेतली नाही. आधी तो चालत निघाला, मग पळत सुटला. वाटेत ढिगाजवळची पहार उचलली. कोपऱ्यात उजेड कमी झाला होता. गुडघे टेकून त्याने पहारीने ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं. बऱ्याच वेळाने खालून एक आवाज आला, नखाने वाजवावा तेवढा.

"आहे! जिवंत आहे!" तो ओरडला. "मशीन बोलवा रे!" नळाकडे कोणाला ऐकू गेलं नाही. मग तो स्वतःच घाव घालायला लागला. कपच्या उडाल्या, हाताला झिणझिण्या आल्या, पण स्लॅब पक्का होता. त्यानेच घातला होता.

सावकाश मागून आला आणि त्याच्या शेजारी उकिडवा बसला. त्याने मिस्त्रीच्या खांद्यावर मायेने हात ठेवला.

"राहू द्या ना, दाजी," तो हळूच म्हणाला. "ताईला मी मिळालो ना... आणि त्याचं आता थोडंच राहिलंय."