मढ्याचा रोल

भुताची गोष्ट रात्रीचीच असते, असं कोणी सांगितलं? ही भर दुपारची आहे. डोक्यावर ऊन, रस्त्यावर माणसं, आणि तरीही जे व्हायचं ते झालंच.

खोटं सांगून मला काय मिळणार? साल १९९४, चैत्र महिना, बंगळूरचं जे. पी. नगर. आणि ज्यांच्यावर हे बेतलं त्या माझ्या सख्ख्या सासूबाई. आत्ता पलीकडच्या खोलीत झोपल्या आहेत.

मी मुग्धा, पुण्याची. गेल्या वर्षी लग्न होऊन इथे आले. येताना आईने सामानात विळी घातली होती. सासूबाईंनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

मग माझ्या लक्षात आलं... या घरात विळी नाहीच. कोयता नाही. नारळसुद्धा शेजारून फोडून आणायचा.

आणि अभिमन्यूमामा, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. भाऊबीजेला येतात, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाहीत. लोखंडी जाळीचं दार लावून सासूबाई आतूनच त्यांना ओवाळतात. मामांच्या उजव्या बाहीला खाली गाठ मारलेली असते. 'मशीनमध्ये हात गेला' असं मला सांगण्यात आलं होतं.

खरं काय ते सासूबाईंनी गेल्या आठवड्यात सांगितलं. गोष्टीत मला नावानेच म्हण, म्हणाल्या. म्हणून तसंच सांगते.

संयोगिताचं माहेर म्हणजे तिच्या सासरपासून दोन गल्ल्या पलीकडचा फोटो स्टुडिओ. वडील येसाजीराव गेल्यावर अभिमन्यूने तो चालवायला घेतला, आणि ही दिवसभर तिथेच. फोटो कापणं, पाकिटं भरणं, गिऱ्हाइकांशी बोलणं. भाऊ तिच्याहून बराच लहान. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला भरवून मोठा केलेला. तिचा जीव त्याच्यात अडकलेला होता.

अभिमन्यूला एक नाद होता. स्टुडिओबाहेरच्या काचेच्या शोकेसमध्ये तो रोज एक नवा फोटो लावायचा. वर कन्नडमध्ये पाटी, 'इवत्तिन चित्र'. आजचं चित्र. तळ्यात बसलेली म्हैस, दुधाच्या रांगेतल्या पिशव्या, बस स्टॉपवर झोपलेलं कुत्रं. आपल्याच रोजच्या गोष्टी, पण लोक थांबून बघायचे. समोरचे हयवदनराव तर पेपरच्या आधी शोकेस वाचायला यायचे.

या फोटोंसाठी तो वेगळा रोल घालायचा नाही. बारसं, साखरपुडा, काहीही काम झालं की रोलच्या शेवटी दोन-चार फोटो उरतातच. त्यांत हे काढायचे. येसाजीरावांचीच पद्धत ती.

पण येसाजीरावांचा एक नियमही होता. पोलीस बोलावतील तेव्हा जायचं, मढ्याचे फोटो काढून द्यायचे. मात्र तो रोल पुढे वापरायचा नाही. उरलेला तुकडा कापून पुरून टाकायचा.

"मेलेल्याच्या रोलवर जिवंत घ्यायचं नाही," ते म्हणायचे. का, ते कधी सांगितलं नाही.

त्या चैत्रात तळ्याकाठच्या झुडपात एक माणूस सापडला. कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही. शहाळी सोलायच्या कोयत्याने त्याला अक्षरशः तोडला होता. मानेवर घाव, खांद्यावर घाव. आणि उजवा हात मनगटापासून गायब. पोलिसांनी सगळी झुडपं पालथी घातली. हात मिळाला नाही, कोयताही मिळाला नाही.

फोटो काढायला अभिमन्यू गेला. परत आल्यावर जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो कॅमेरा घेऊन बाहेर निघाला. संयोगिताने कॅमेऱ्यावरचा फोटोंचा आकडा पाहिला. तोच रोल.

"अभी, अण्णा काय सांगायचे?"

"अक्का, तीन फोटो उरलेत. उद्याला लावायला माझ्याकडे काही नाही. शोकेस रिकामी ठेवू?"

"ठेव की! आभाळ कोसळणार आहे का?"

"स्वल्प, जरा ऐक ना. अण्णांच्या काळातली भीती ती. रोज एक म्हणजे रोज एक."

लहानपणापासून तो असाच लाडीगोडी लावायचा आणि ती विरघळायची. तेव्हाही विरघळली.

पहिला फोटो त्याने चिंचेखाली बांधलेल्या शेळीचा काढला. दुसरा कोपऱ्यावरच्या फुलवालीचा, प्रेमाचा. तिसऱ्यासाठी तो स्वतः स्टुडिओच्या दारात सायकलला टेकून उभा राहिला आणि कॅमेरा संयोगिताच्या हातात दिला.

"माझा एकही फोटो नाही, अक्का. लोहाराच्या घरी विळी बोथट. काढ बघू."

सकाळचं ऊन तिच्या पाठीवर होतं. तिने बटण दाबलं.

रात्री त्याने रोल धुतला. सकाळी पहिला फोटो शोकेसमध्ये लागला.

हयवदनराव चष्मा पुसत आले. "यात काय बघायचं रे? नुसतं झाड?"

चिंच होती. खुंटी होती. दोर होता, आणि तो दोर हवेत ताणलेला होता...

शेळी नव्हती.

"हलली असेल," अभिमन्यू म्हणाला. पण त्याचा आवाज त्यालाच पटला नाही.

दुपारी लाइट गेली. त्या दिवसांत रोजच जायची. संयोगिता काउंटरवर बसली होती, अभिमन्यू आत पडला होता. अचानक तिला जाणवलं... कावळे गप्प झालेत. रस्त्यावर रिक्षासुद्धा नाही.

मग लांबून आवाज आला.

खच्च... खच्च... खच्च...

कोणीतरी शहाळं सोलतंय असा.

थोड्या वेळाने आरडाओरडा झाला. चिंचेखाली शेळी पडली होती. मान जेमतेम लटकत होती. आणि पुढचा उजवा पाय तोडून नेलेला होता.

संयोगिता धावत अभिमन्यूला सांगायला आली. तो खाटेवर गाढ झोपला होता. त्याची लुंगी गुडघ्यापर्यंत ओली होती. लुंगीला तळ्याच्या चिखलाचा वास येत होता.

तिने स्वतःची समजूत घातली. माणूस आपल्या माणसाबद्दल वाईट विचार करायला शेवटपर्यंत तयार नसतो.

दुसऱ्या सकाळी दुसरा फोटो लागला. संयोगिताने तो पाहिला. प्रेमाचं स्टूल होतं. टोपल्या होत्या. मोगऱ्याचा गजरा हवेतच, अर्धा ओवलेला.

प्रेमा नव्हती.

"काढून टाक हा!"

"कागद खराब असेल, अक्का. संध्याकाळी दुसरा काढतो." बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

ती तशीच कोपऱ्यावर पळाली. प्रेमा आपली मजेत गजरे ओवत बसलेली. संयोगिताने तिचा हात धरला. आज घरी जा, तुझ्या पाया पडते, म्हणाली.

प्रेमा खळखळून हसली. "होगी अक्का, जा गं! लग्नाची ऑर्डर आहे. मी घरी गेले तर नवरीच्या डोक्यात काय, पालक माळणार?"

तिने संयोगिताच्या वेणीत एक गजरा खोवून दिला.

दुपारी लाइट गेली. संयोगिताने मान वर केली. पंखा थांबत आला होता. कावळे गप्प.

आतली खाट रिकामी होती.

खच्च...

ती अनवाणी धावली. कोपरा काही लांब नव्हता. पण पोचेपर्यंत आवाज थांबला होता.

प्रेमा टोपल्यांत उताणी पडली होती. मानेवर घाव, खांद्यावर घाव. पांढरा मोगरा लाल होऊन तिच्या अंगाला चिकटला होता. ती अजून श्वास घेत होती, आणि त्या श्वासाबरोबर गळ्यातून रक्त येत होतं. उजवा हात मनगटापासून नव्हता. संयोगिताने पदर दाबून धरला. काही उपयोग झाला नाही. प्रेमा तिच्या मांडीवरच गेली.

पोलीस आले, गर्दी झाली. इतक्या उजेडात कोणी काही पाहिलं नव्हतं. मारणारा कोणालाच दिसला नव्हता.

संयोगिता स्टुडिओत परतली. डार्करूममधून पाण्याचा आवाज येत होता. अभिमन्यू नळाखाली हात धूत होता. धूतच होता.

डार्करूममध्ये लाल बल्ब असतो, त्यात सगळं लालच दिसतं. पण लाइट गेलेली होती. उघड्या दारातून दिवसाचा उजेड येत होता.

पाणी तरीही लाल होतं.

"अक्का..." तो लहान मुलासारखा म्हणाला, "मी आत्ता कुठे होतो?"

तिने नळ बंद केला. बाहेर जाऊन शोकेसमधला फोटो काढला, कालचाही घेतला, आणि दोन्ही उन्हात धरले. आता तिला खालचा कोपरा दिसला. दोन्ही फोटोंत काढणाऱ्याची सावली पडली होती. अभिमन्यूचंच डोकं, अभिमन्यूचेच खांदे.

कॅमेरा धरायला दोन हात लागतात.

सावलीचा डावा हात वर उचललेला होता. त्यात काहीतरी लांब, टोकाला वाकडं. आणि उजवा हात मनगटाशीच संपत होता.

मग तिने तिसरी निगेटिव्ह उजेडाला लावली. स्टुडिओचं दार. सायकल. शोकेस. अभिमन्यू नव्हता.

खाली सावली होती. खांद्यावरून पदर, बाजूला लांब वेणी. डावा हात उचललेला.

तो फोटो तिने काढला होता.

रडायलाही वेळ नव्हता. निगेटिव्ह तिने स्टोव्हवर जाळली. दुसऱ्या दिवशी उजाडताच अभिमन्यूला व्हाइटफील्डला चुलत्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये बसवलं.

"माझ्यासमोर येऊ नकोस. मी बोलावलं तरी येऊ नकोस. माझी शपथ आहे."

"अक्का, तू काय बोलतेस?"

"हो म्हण. सरी म्हण आधी!"

"सरी."

घरी येऊन तिने नवऱ्याला कामावर पाठवलं. मग दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिडकीतून गटारात फेकली. आता ती बाहेर जाऊच शकत नव्हती. जमिनीवर बसून तिने देवाचं नाव सुरू केलं. वेणीतला सुकलेला गजरा तसाच होता.

पंखा थांबला.

कावळे...

पुढचं तिला आठवत नाही. आठवतं ते एकदम ऊन. डोळे दिपवणारं ऊन, आणि ती स्टुडिओसमोर उभी. बरोबर त्याच जागी, जिथून फोटो काढला होता. पाय तळ्याच्या चिखलाने भरलेले. डाव्या हातात एक गंजलेला कोयता, तिने जन्मात न पाहिलेला.

आणि समोर, सायकलजवळ, अभिमन्यू.

तो अर्ध्या रस्त्यातून परत आला होता. शोकेस रिकामी राहील म्हणून. जुन्या फोटोंतला एक हातात घेऊन तो काच उघडत होता. मागे वळून त्याने बहिणीला पाहिलं आणि उजवा हात पुढे केला.

"अक्का! अगं अक्का, मी..."

तिला थांबायचं होतं. ती आतून ओरडत होती. हात ऐकत नव्हता.

खच्च.

पहिल्या घावात शोकेसची काच फुटली. दुसरा त्याच्या खांद्यात रुतला. तिसऱ्याला त्याचा हात मनगटापासून तुटून पायरीवर पडला, आणि त्याची बोटं हलली. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर आली. चौथा घाव मानेवर बसणार, इतक्यात हयवदनरावांनी मागून तिच्यावर झडप घातली. दोघंही काचांत कोसळली.

ती भानावर आली तेव्हा हातात कोयता नव्हता. रस्त्यावरही नव्हता. पायरीवर रक्त होतं, पण अभिमन्यूचा हात नव्हता. क्षणभरापूर्वी तिघांनीही तो पाहिला होता.

घरी तर आतलं कुलूप तसंच बंद होतं. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दार फोडून आत जावं लागलं.

मामा वाचले. शुद्धीवर आल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, "अक्काला काही करू नका." मशीनची कथा त्यांनीच रचली, हयवदनरावांनी तीच सांगितली. प्रेमाला कोणी मारलं, ते पोलिसांच्या लेखी अजूनही अज्ञातच आहे. सासूबाई दर वर्षी तिच्या नावाने फुलं सोडतात आणि दिवसभर कोणाशी बोलत नाहीत.

हे सगळं ऐकून मला त्यांची दया आली. मग झोप उडाली. त्याला कारण आहे.

दोन महिन्यांपूर्वी सासरे वारले. नेण्याआधी माझ्या नवऱ्याने त्यांचा शेवटचा फोटो काढला. आठवण म्हणून, सगळेच काढतात. रोल कॅमेऱ्यात तसाच राहिला. नियम मला माहीत नव्हता, आणि नवऱ्यालाही आईने कधी काही सांगितलं नव्हतं.

शेवटचा एक फोटो उरला होता. गच्चीवर सासूबाई सांडगे वाळत घालत होत्या, किती दिवसांनी जरा हसल्या होत्या. मी म्हटलं, रोल संपवून टाकू.

सकाळ होती. ऊन माझ्या पाठीवर होतं.

तो रोल मी अजून धुवायला टाकलेला नाही. कपाटात कुलपात आहे. त्यात सासूबाई आहेत की नाहीत, हे मला बघायचं नाही. विळी भावाबरोबर पुण्याला परत पाठवली.

आज दुपारी लाइट गेली. आत्ता लिहिता लिहिता जाणवलं, बाहेर कावळ्यांचा आवाज येत नाहीये.

सासूबाई त्यांच्या खोलीत झोपल्या आहेत. मघाशीच मी त्यांना उठवून आतून कडी लावायला सांगितली. मुग्धा हाक मारते आहे असं वाटलं तरी उघडू नका, म्हटलं.

त्यांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग कडी लावून घेतली.