डाव्या बाजूचा अंधार

श्रावणातल्या त्या दुपारी आभाळ असे काही भरून आले, की नांदेडकडच्या गोरेगावच्या रस्त्यावर मिनाला भरदिवसा गाडीचे दिवे लावावे लागले. उजवा लागला, डावा दोनदा लुकलुकला आणि मिटला तो मिटलाच. समोरच ‘योगेश ऑटो इलेक्ट्रिक’ अशी पाटी होती. योगायोग म्हणावा तर एवढाच.

मिनाचे वडील नेमसिंग बंजारा तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून ही गाडी त्यांनी हौसेने आणली; पण दिवस कलला की त्यांना नीट दिसत नसे, म्हणून ट्रॅक्टरवर हात बसलेली लेकच ती चालवी.

योगेशने बॉनेट उघडले. हा साधा बल्ब नव्हे, वायूचा दिवा. त्याला पेटवणारी जबर वीज बॅलास्ट नावाची पेटी पुरवते, असे तो समजावून सांगू लागला. मिनाने त्या पेटीकडे बोट नेले मात्र, त्याने तिचे मनगटच धरले.

“हात नको लावू... लावू नका. झटका लई वाईट बसतो.”

“बसला की,” मनगटाकडे पाहत मिना म्हणाली.

त्याने हात असा सोडला, जणू वीज तिच्यातच होती. मग मान खाली घालून त्याने दोन्ही दिव्यांची अदलाबदल केली. “अंधार दिव्यासंगं उजवीकडं गेला तर दिवा खराब. जागेवरच राहिला तर बॅलास्ट.”

अंधार जागेवरच राहिला. पेटीत पाणी शिरून आतले तांबे हिरवे पडले होते. नवी पेटी नांदेडहून यायची होती.

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला आणि तो तांड्यांवरच्या गोरमाटी बोलीत बोलू लागला. मिनाच्या काळजात लख्ख झाले. म्हणजे हा आपल्यातलाच! पण कोणत्या कुळाचा? तो आपल्यासारखाच राठोड निघाला, तर तांड्याच्या रीतीने भाऊच ठरणार. आणि तरण्या मुलीने मुलाला कूळ विचारणे म्हणजे उघड मागणी घालणे. पाटीवर आडनाव नव्हते. तिला तरी सारे ‘नायकाची मिना’ एवढेच म्हणत.

गाडी त्याच्या शेडमध्येच राहिली, आणि पेटी आली का, हे विचारायला ती भाड्याच्या जीपने गोरेगावला येऊ लागली. एकदा तिने खडा टाकून पाहिला, की पाटीवर नुसतेच नाव काहून, रंग कमी पडला का? तो हसला, म्हणाला, पेंटरच आळशी होता. खडा पाण्यात बुडाला.

अखेर पेटी आली, त्या दिवशी मिना एकदम बोलून गेली.

“लवकर बसवा. रविवारी बापू पुसदला चाललेत... माझी सोयरीक बघायला. परतताना दिवा पाहिजे.”

पाना त्याच्या हातात थबकला. “अन् दिवा लागलाच न्हाई तर?”

“एका दिव्यावर निघतील.”

त्याने पाना पुन्हा नटावर बसवला. मग हलकेच म्हणाला, “एका दिव्यावर न्हाई जाऊ द्यायचो मी तुमाला.”

आणि स्वतःच्या वाटेत काळोख करणारे ते काम त्याने जीव ओतून केले. पेटी पाण्यापासून दूर, उंचावर बसवली. जोडावर रबर चढवले. तारेला कुठे ताण नाही ना, हे पुन्हा पुन्हा चाचपले.

रविवारी सकाळी नेमसिंग लेकीबरोबर गाडी न्यायला आले. शेडच्या भिंतीवर दोन सारखी निळसर वर्तुळे उमटली. “बराबर,” म्हणत ते गाडीत बसू लागले, तशी मिनाची बोटे स्टिअरिंगवर आवळली.

“नायक,” योगेश हात पुसत पुढे आला. “मी पवार. डोंगरकडा गावाच्या अंगाला आमचा तांडा. भावसिंग पवारांचा पोरगा.”

कोणी विचारले नव्हते. मुलीच्या बापाला आपणहून कूळ सांगणारा माणूस पत्ता सांगत नसतो, हे तिघांनाही ठाऊक होते. मिनाची बोटे सैल झाली... पवार! भाऊ नव्हे.

नेमसिंगांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. “आमी राठोड,” ते सावकाश म्हणाले. “हे दिवा बसवायच्या आधी काहून न्हाई सांगितलं?”

“तुमाला वाटलं असतं, पोरगी मागायसाठी काम करून राहिला.”

नेमसिंगांच्या मिशा हलल्या. दार ओढून घेत ते लेकीला म्हणाले, “पुसद लांब पडतं. डोंगरकड्याची वाट ठावं हाय का तुला?”

“न्हाई,” मिनाने गाडी सुरू केली. काचेबाहेरच्या योगेशकडे आता तिने उघडपणे पाहिले. “पण दिवे चांगले हायत, बापू.”