आरशाच्या जागी

कोपरीच्या नाक्यावर शुभदाने टॅक्सीला हात केला तेव्हा सव्वानऊ वाजले होते. रुळांवर गुडघाभर पाणी, गाड्या बंद. आणि अकराला कल्याणच्या शाळेत मुलाखत. विज्ञानशिक्षिकेची ही नोकरी हुकली, तर मामा तिला साताऱ्याला धाडणार होता... जवळजवळ ठरलेल्या लग्नाला.

आनंदा नावाच्या ड्रायव्हरची जुनी टॅक्सी थांबली. ती मागे बसली.

मुंब्र्याच्या अलीकडेच पुढची काच आतून पांढरी झाली. शुभदाने पुढच्या सीटवरून ओणवं होऊन ती पदराने पुसली, आणि काचभर तेलकट फराटे उठले. पाऊस चुकवायला तोच पदर तिने डोक्यावरून घेतला होता. आणि सकाळीच मामीने केसांना खोबरेल चोपडलं होतं!

“झकास! आधी निदान काच तरी दिसत होती, बाई,” आनंदा म्हणाला.

“साबण आहे का?”

“मला आंघोळ घालताय?”

“काचेला हो!”

त्याने गाडी कडेला घेतली, डिकीतून साबणाची वडी आणि कोरा पंचा काढला. आधी ओल्या साबणाने तिने तेल घालवलं. मग कोरडी वडी फिरवून पंच्याने काच घासली.

“आपल्या श्वासातली वाफ गार काचेवर थेंब होऊन बसते. साबणाचा पातळ थर असला की पाणी सपाट पसरतं, मग आरपार दिसतं.”

“आपल्या... म्हणजे दोघांच्या?”

“गाडीत तिसरं कोण आहे?” म्हणताना ती लाजली.

पुढची काच लख्ख झाली; पण मागची बाहेरून चिखलाने माखलेली, आरशात काही दिसेना. शुभदा खिडकीतून डोकं बाहेर काढून बसली.

“मागून उजवीकडे लॉरी येतेय... वळू नका! थांबा!”

शीळफाट्यावर लॉरी अगदी घासून गेली. आनंदाने कपाळावरचा घाम पुसला. “आज वाचवलंत, बाई.”

अकराला दहा कमी असताना शाळा आली.

तासाभराने शुभदा बाहेर आली, तर टॅक्सी तिथेच. थांबायला तिने सांगितलं नव्हतं. मागची काच धुतलेली होती, आरसा चकचकीत.

“मिळाली!” ती धापा टाकत म्हणाली. “तुमच्यामुळे.”

“आणि मी धड आहे, ते तुमच्यामुळे.” त्याने मान खाली घातली. “आरसा केलाय स्वच्छ. आता मागे बघायला तुमची गरज नाही... म्हणजे, तसं नाही—”

“मग मी मागे कशाला बसू?”

तिने पुढचं दार उघडलं.